हरकती व सूचना

सरकारने एखाद्या धोरणाचा मसुदा जाहीर केला की त्याच्या तळाशी एक ओळ असते: नागरिकांनी आपल्या हरकती व सूचना अमुक दिवसांच्या आत कळवाव्यात. ही ओळ खरोखर आपल्यालाच उद्देशून लिहिलेली आहे असं समजणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते आमचे सर.

सर कुठल्या शाळेत किंवा कॉलेजात शिकवत नव्हते. अंधेरीच्या एमआयडीसीत आमचं एक छोटं युनिट आहे. हॉस्पिटलमधली मशीनं दुरुस्त करायची आणि त्यांचे सुटे भाग बनवायचे, हा आमचा धंदा. सर तिथे टेक्निकल हेड होते आणि मी त्यांच्या हाताखाली टेस्टिंगला. पण मालक असलेल्या शेठपासून चहावाल्यापर्यंत सगळे त्यांना सरच म्हणायचे. पाठीमागे मात्र 'हरकतवाले सर'.

ड्रोनचं धोरण आलं, सरांनी हरकत पाठवली. बॅटरीचं आलं, ई-कचऱ्याचं आलं, चिपचं आलं, सगळ्यांना पाठवली. एकदा अंतराळाबद्दलचा काहीतरी मसुदा जेवणाच्या सुट्टीत वाचत बसले होते. मी म्हटलं, "सर, आपण हॉस्पिटलचे पंप रिपेअर करतो. अंतराळाशी आपला काय संबंध?"

"अगं, नागरिकांनी कळवावं असं लिहिलंय ना? मी नागरिक आहे. तू नाहीयेस का?"

वाचण्याची त्यांची पद्धतही ठरलेली. मसुदा छापून घ्यायचा, डबा उघडायचा आणि एकेका घासाला एकेक परिच्छेद. वाचून झालं की निकाल जाहीर व्हायचा. "इनोव्हेशन दर पानावर आहे. टेस्टिंग आख्ख्या मसुद्यात एकदा, तेही तळटीपेत. वाट लागणार आहे." मग हरकती लिहायला घ्यायचे. विषय कुठलाही असो, पहिली सूचना तीच असायची: चाचणी प्रयोगशाळा अत्यावश्यक सेवेत धराव्यात. दूध, पाणी, वीज, दवाखाना आणि चाचणी. ईमेल करून वर रजिस्टर पोस्टानेही पाठवायचे, कारण ईमेल वाचला की नाही ते कळत नाही आणि पोचपावतीवर निदान कुणाची तरी सही असते. इतक्या वर्षांत त्यांना एकदाच उत्तर आलं, 'आपली सूचना संबंधित विभागाकडे पाठवण्यात आली आहे.' त्या दिवशी सर दिवसभर खूश होते. "संबंधित विभाग आहे म्हणजे! मला वाटत होतं नसेलच."

आम्ही खूप हसायचो. मीही हसायचे, ते लपवत नाही.

घरीही हेच. मुलुंडला त्यांच्या घरी नवा मिक्सर आला तेव्हा माहितीपुस्तिका पूर्ण वाचून होईपर्यंत तो लावायचा नाही असा हुकूम निघाला. अकराव्या पानावर त्यांना एक चूक सापडली. त्यांनी कंपनीला पत्र लिहिलं आणि उत्तराची वाट बघत बसले. काकू आठवडाभर चटणी पाट्यावर वाटत होत्या. शेवटी सर ऑफिसला गेल्यावर त्यांनी मिक्सर लावला आणि ते येण्याआधी पुसून परत खोक्यात ठेवला. असं म्हणे महिनाभर चाललं होतं. हे मला काकूंनीच सांगितलं, आणि सरांना माहीत नाही असं बजावून सांगितलं.

युनिटमध्ये नवं मशीन दुरुस्तीला आलं, किंवा शेठनी एखादं सेकंडहॅण्ड विकत घेतलं, की सरांचा पहिला कार्यक्रम म्हणजे ते पूर्ण उघडायचं. बिघडलेला भाग एकच असला तरी सगळं. एकेक स्क्रू, एकेक रबर बाहेर काढून, मोजून, कागदावर त्याचं चित्र काढून मगच परत जोडायचे. वॉरंटीची सील तुटायची. शेठ डोक्याला हात लावायचे. "सर, तुमी डॉक्टर हाय का पोस्टमॉर्टमवाला हाय?" सर शांतपणे म्हणायचे, "शेठ, हे मशीन बनवणारा माणूस सातासमुद्रापलीकडे बसलाय. तो उद्या म्हणाला देत नाही, तर?" असं कोण कशाला म्हणेल, असं शेठना वाटायचं. आम्हालाही वाटायचं.

सरांना मात्र जग कुठे अडकलंय ते वर्तमानपत्राच्या आधी कळायचं. एखादा सेन्सर दोन महिने आला नाही की म्हणायचे, "कुठेतरी पूर आलाय बघ." एखादं बेअरिंग महाग झालं की, "कुणीतरी कुणाशी तरी भांडलंय." बऱ्याचदा ते खरं निघायचं. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, की जग नीट चालू असतं तेव्हा धोरण कुणी वाचत नाही, आणि बंद पडतं तेव्हा वाचायला वेळ नसतो.

'जुगाड' हा शब्द त्यांच्यासमोर काढायची सोय नव्हती. एअरपोर्टजवळच्या एका मोठ्या हॉटेलात इनोव्हेशनवर परिसंवाद होता. शेठना आमंत्रण होतं, त्यांनी सरांना पाठवलं आणि मला त्यांच्यावर लक्ष ठेवायला. व्यासपीठावरचे पाहुणे अर्धा तास जुगाडाचं कौतुक करत होते. सायकलला बांधलेलं वॉशिंग मशीन वगैरे फोटो दाखवले, टाळ्या झाल्या. प्रश्नोत्तरं सुरू झाल्याबरोबर सरांनी हात वर केला. "आपण आज सकाळी ज्या विमानाने आलात, त्यात किती जुगाड होता?" लोक हसले. पाहुणेही हसले. सर हसले नाहीत, उत्तराची वाट बघत उभेच राहिले. माइक घ्यायला आलेल्या मुलीची पंचाईत झाली. मी त्यांना हाताला धरून जेवणाकडे नेलं.

आणि पेढे. आमच्याकडे एखादा भाग चाचणीत नापास झाला की दुसऱ्या दिवशी सर मुलुंडहून पेढे आणायचे. पास झाला तर काही नाही. मी लागले त्या वर्षी माझ्या हातचा एक व्हॉल्व्ह चाचणीच्या तिसऱ्या दिवशी बेंचवर फुटला आणि मी बाथरूममध्ये जाऊन रडले. दुसऱ्या दिवशी कामावर आले तर सर पुडा घेऊन उभे. तळहातावर पेढा ठेवला आणि म्हणाले, "इथे फुटला. पेशंटच्या अंगाला लावल्यावर नाही फुटला. खा." तो पेढा खाताना मला या माणसाबद्दल जे वाटलं, ते मी पुढे बरीच वर्षं विसरायचा प्रयत्न केला.

माझे बाबा मूळचे मालवणकडचे. गिरणीत फोल्डिंग खात्यात होते. तयार झालेलं कापड डोळ्यांखालून घालायचं, डाग-छिद्र असलेला तागा बाजूला काढायचा, बाकीचं घडी करून पुढे सोडायचं, हे त्यांचं काम. गिरणी गेल्यावर वॉचमन झाले, लिफ्टमन झाले. कांजूरमार्गला आमचं घर आहे. वारा फिरला की कचऱ्याच्या डंपिंगचा वास येतो, तेव्हा खिडकी लावायची आणि बाबा म्हणायचे, "मुंबयचा पोट बिघडला." साठीनंतर त्यांच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा घाटकोपरच्या एका ट्रस्टच्या सेंटरवर डायलिसिसला जायचे. तिथे सहा मशीनं होती. त्यांच्या शेजारच्या खाटेवर एकोणीस वर्षांची एक मुलगी असायची, तिच्याशी त्यांची गट्टी जमली होती. डायलिसिस चालू असताना ते तिला कापडाच्या जाती सांगायचे आणि ती त्यांना मोबाईल शिकवायची.

कोरोनाच्या पहिल्या उन्हाळ्यात त्या सहा मशीनांपैकी चार एकेक करून बंद पडली. सगळ्यांचं दुखणं एकच. आतल्या एका झडपेचा रबरी पडदा, रुपयाच्या नाण्याएवढा, जुना होऊन विरला होता. तो परदेशातून यायचा. एजंटला फोन केला तर म्हणाला, बोट निघाली की येईल. बोट कधी निघेल? ते बोटवाल्याला विचारा. दुसरी सेंटरं तेव्हा बाहेरचे पेशंट घेत नव्हती. मग उरलेल्या दोन मशीनांवर सगळे पेशंट वाटले गेले. बाबांचा नंबर आठवड्यातून एकदा यायला लागला, तोही चार तासांऐवजी दोन तास. त्यांचे पाय सुजायला लागले.

मी सरांना सांगितलं तेव्हा ते उठले, कपाट उघडलं आणि एक कागद काढला. चार वर्षांपूर्वी तेच मॉडेल आमच्याकडे दुरुस्तीला आलं होतं. त्या पडद्याचं चित्र, मापं, रबराची जात, सगळं त्यावर होतं. त्या दिवशी शेठनी वॉरंटीचं नाव काढलं नाही.

आमच्या युनिटला परवानगी होती, पास होते. सर मुलुंडहून स्कूटरवर निघायचे, कांजूरच्या सिग्नलला मला घ्यायचे आणि पवईवरून आम्ही रिकाम्या रस्त्याने अंधेरीला जायचो. मरोळच्या एका साचेवाल्याने अर्धं शटर उघडून साचा करून दिला. आठवड्याच्या आत बारा पडदे तयार झाले. हातात घेऊन ताणून पाहिले, झकास वाटले. चार पडदे बेंचवर चढवले, बाकीचे डबीत. पडदा गरम पाण्यात सतत उघडझाप करून बघणारा आमचा बेंच सरांनी स्वतः बांधलेला, जुना आणि हळू. त्यावर पूर्ण चाचणीला चौदा दिवस लागणार होते.

दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या प्रयोगशाळेत वेगवान बेंच होता. तिथे हेच काम तीन दिवसांत झालं असतं. सरांनी फोन लावला. वॉचमनने उचलला. "साहेब, सगळे घरी आहेत. लॉकडाऊन आहे ना. मी फक्त कुलूप बघतो." सरांनी फोन ठेवला. दहा वर्षं ते प्रत्येक मसुद्याला जी सूचना पाठवत होते, तिचा अर्थ मला त्या दिवशी कळला. दूधवाल्याला पास होता. त्या प्रयोगशाळेला नव्हता.

चाचणीच्या पाचव्या दिवशी वरून परिपत्रक आलं. आणीबाणी लक्षात घेऊन सुटे भाग बनवणाऱ्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर, सही देऊन, भाग वापरात आणावेत. चाचणी नंतर पूर्ण केली तरी चालेल. शेठ धावतच आले. "सर, तुमीच दहा वरस लिहित होते ना, छोट्या कारखान्याचा कागद कमी करा? केला! आता सही करा."

सर म्हणाले, "कागद कमी करा म्हटलं होतं शेठ. चाचणी नाही."

"पण गवरमेंट बोलते चालेल!"

"सूट दिली आहे. सक्ती केलेली नाही."

शेठ गेल्यावर मी त्यांच्या टेबलासमोर उभी राहिले. मला वाटलं होतं शेठसाठी नाही तरी माझ्यासाठी करतील.

"सर, माझे बाबा आहेत."

"माहीत आहे गं."

"पडदा चांगला आहे. तुम्हालाही माहीत आहे."

"मला वाटतंय चांगला आहे. माहीत नाही. तो मध्येच फाटला तर पाण्यातल्या मिठाचं प्रमाण बिघडतं आणि ते सरळ रक्ताला लागतं. तुला हे माझ्यापेक्षा नीट माहीत आहे."

"अलार्म वाजतो ना."

"वाजला तर."

मी त्यांना नाही नाही ते बोलले. तुम्हाला माणसं नकोत, कागद हवेत, असंही बोलले. दुसऱ्या दिवसापासून स्कूटरवर बसणं बंद केलं. भावाची सायकल काढली आणि पवईचा चढ चढत एकटी जायला लागले. सर मात्र रोज सकाळी कांजूरच्या सिग्नलला पाच मिनिटं थांबायचे. मी समोरून सायकलवर जाताना दिसले की मग स्कूटर सुरू करायचे आणि माझ्या बऱ्याच मागून यायचे.

त्यात त्यांनी एक भलतंच सुरू केलं होतं. चाचणी लागली त्या दिवसापासून ते रोज संध्याकाळी बाबांना फोन करायचे. जो वाट बघतोय त्याला काय चाललंय ते कळलं पाहिजे, हे त्यांचं म्हणणं. दोघे कधी भेटलेले नव्हते. मला बाबांचं बोलणं तेवढं ऐकू यायचं. "हां सायब... चारय बरे आसत? बरां... पाणी गरम ठेवतात मा?" मग गाडी गिरणीवर जायची, कापडावर जायची. मी फोन हिसकावून घ्यायचंच तेवढं बाकी ठेवलं होतं.

"बाबा, त्या माणसाशी काय बोलता? एक सही करत नाहीये तो."

"चिडू नको गो. बरो माणूस आसा तो."

आठव्या दिवशी फोन बराच वेळ चालला. बाबांना एव्हाना धाप लागत होती, दोन शब्दांमध्ये श्वास घ्यायला थांबायचे. त्या दिवशी ते फोन घेऊन गॅलरीत गेले आणि दार ओढून घेतलं. आत आले ते भिंतीकडे तोंड करून झोपले. सरांनी आणखी काहीतरी कारणं सांगितली असणार, असं मी धरून चालले.

अकराव्या दिवशी सकाळी बाबा गेले. छातीत पाणी भरलं होतं. म्युनिसिपल हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी धावपळ केली, पण उशीर झाला होता. अंत्यविधीला मोजकी माणसं चालायची. सर आले होते. रस्त्याच्या पलीकडे हातात हेल्मेट धरून उभे होते. मी तिकडे पाहिलं नाही.

चौदा दिवस पुरे झाले. चारही पडदे शाबूत. सरांनी सही केली, घाटकोपरची चारही मशीनं सुरू झाली, ती मुलगी आजही ठीक आहे. मी बाबांचं तेरावं करून कामावर गेले आणि सगळ्यांसमोर विचारलं, "एकही फाटला नाही ना सर?"

"नाही."

"मग?"

ते काही बोलले नाहीत. मी ती त्यांची कबुली मानली.

नोकरी सोडणं परवडण्यासारखं नव्हतं. त्यानंतर मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. दीड वर्षाने ते रिटायर झाले. निरोपाच्या वेळी सगळे त्यांच्याबद्दल बोलले, मी चहाचे कप आवरत राहिले. टेस्टिंगचं काम माझ्याकडे आलं. आणि एक गंमत सांगते, गंमत कसली, पण मी एकही भाग चाचणी पुरी झाल्याशिवाय कधी सोडला नाही. शेठ म्हणायचे, ही तर सरांच्या वरची निघाली. मला ते ऐकवत नसे. ज्या माणसाचा राग करावा त्याच्याच वळणावर आपण चालतोय, हे कळत होतं आणि थांबवता येत नव्हतं.

मध्यंतरी परत जगाची घडी विस्कटली. कुठे युद्ध, जहाजं लांबच्या रस्त्याने, कुणी चुंबक देईना, कुणी चिप देईना. त्यात विज्ञान-तंत्रज्ञानाच्या धोरणाचा नवा मसुदा आला. त्यात एक कलम होतं: आणीबाणीत चाचणीतून आपोआप सूट. कोरोनात तात्पुरती होती ती आता कायमची. तळाशी तीच ओळ, हरकती व सूचना कळवाव्यात. शेठ म्हणाले, युनिटतर्फे काहीतरी लिहून टाक.

मी लिहायला बसले आणि माझ्या हातून हरकतच उतरली. सूट देऊ नका, प्रयोगशाळा उघड्या ठेवा, पास द्या, वेगवान बेंच द्या. पुरावा म्हणून आमची गोष्ट घातली: आमच्याकडे सूट मिळूनही टेक्निकल हेडनी चाचणी पूर्ण होईपर्यंत सही नाकारली, त्या काळात एक रुग्ण दगावला, प्रयोगशाळा उघडी असती तर तीन दिवसांत काम झालं असतं. लिहिताना माझा राग कुठेही दिसू दिला नाही. चार वेळा वाचलं आणि वाटलं, हे एकाच माणसाला दाखवायला हवं.

मुलुंडला गेले. काकूंनी दार उघडलं, मला पाहून हातच धरला. सर बारीक झाले होते, कानाला यंत्र लागलं होतं. लॅपटॉप समोर ठेवला तर डबा नव्हता म्हणून की काय, थोडे अडखळले. मग काकूंनी पोह्यांची बशी आणून ठेवली आणि एकेका घासाला एकेक परिच्छेद वाचायला लागले.

आमच्या गोष्टीपाशी आल्यावर त्यांचा घास हातात राहिला.

"हे काढ. हे खरं नाही."

"काय खरं नाही?"

"मी सही नाकारली, हे. मी सही केली होती. आठव्या दिवशी दुपारी."

मला वाटलं वयाने गोंधळ होतोय. मी म्हटलं, "सर, चौदाव्या दिवशी."

"चौदाव्या दिवशी दुसऱ्यांदा केली. सातव्या दिवशी तुझ्या बाबांचा आवाज ऐकला. दोन शब्द बोलून थांबत होते. मला रात्री झोप नाही आली. दुसऱ्या दिवशी सर्टिफिकेट टाईप केलं, सही केली, आणि संध्याकाळी त्यांना फोन करून म्हटलं, उद्या सकाळी मशीन चालू होईल. मला वाटलं खूश होतील." मग बाबांचे शब्द त्यांनी बाबांच्याच बोलीत सांगितले, मुलुंडच्या उच्चारात, पण एकही शब्द न गाळता. "म्हणाले, 'तुमी चवदा दिवस म्हणालात. आज आठवोच मा?' मी म्हटलं, सरकारने सूट दिली आहे. तर म्हणाले, 'सरकार माझ्या बाजूच्या खाटेर नाय. थंय एक चेडू आसा, एकोणीस वर्साचा. तेच्या मशीनीतय ह्योच पडदो बसतलो. माझा वय झाला सायब. तपासल्याबिगर मी एक तागो कधी पुढे सोडूक नाय. माझ्यासाठी घाय करू नकात.'"

काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांना हे माहीत होतं, चेहऱ्यावरून दिसत होतं.

"मी तो कागद फाडला," सर म्हणाले. "त्यांचं ऐकलं. ऐकायला नको होतं की काय, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. पडदे चांगले होते. पण ते आठव्या दिवशी कुणाला माहीत नव्हतं."

"मला का नाही सांगितलंत?"

"त्यांनी शब्द घेतला होता. म्हणाले, 'माझ्या चेडवाक सांगू नकात. ती तुमच्यावर रागावली तर चलतला. माझ्यावर रागावली तर माका सोसूचा नाय.'"

"मग आज कशाला सांगितलंत?"

"अगं, आता तू खोटं लिहून पाठवत होतीस."

पहिल्यांदा मला बाबांचा राग आला, अगदी त्यांनी ओळखला होता तसाच. मला विचारायचं होतं ना, मी पण होते ना घरात, भिंतीकडे तोंड करून कसले झोपलात? मग समोरच्या माणसाकडे पाहिलं. इतकी वर्षं माझ्या घरचा राग यांनी आपल्या अंगावर घेतला होता, आणि मी निरोपाच्या दिवशी कप आवरत राहिले होते. मी त्यांच्या पाया पडायला वाकले तर पाय मागे घेऊन म्हणाले, "ते राहू दे. आधी ते वाक्य नीट कर. मुदत आज संपते."

मी वाक्य नीट केलं. उत्पादकाने आठव्या दिवशी सही केली. रुग्णाने स्वतः ती थांबवायला सांगितली, कारण तोच भाग इतरांच्या मशीनमध्येही बसणार होता. बाबांचं पूर्ण नाव घातलं. सरांनी वाचलं, मान हलवली.

पाठवण्याआधी फॉर्ममध्ये एक रकाना होता, आपण कोण म्हणून सूचना देत आहात? शेठच्या सांगण्यावरून मी 'उत्पादक' निवडलं होतं. ते काढलं. यादीत संशोधक होते, उद्योग संघटना होत्या, शिक्षणसंस्था होत्या, गुंतवणूकदारही होते. रुग्ण कुठेच नव्हता. मी दोनदा वरखाली पाहिलं. शेवटी सगळ्यात खाली 'इतर' होतं आणि त्याच्यापुढे थोडी मोकळी जागा. तिथे मी लिहिलं, रुग्णाची मुलगी, आणि सरांच्या समोरच बटण दाबलं.